चार टाचण्या

आमच्या सेंट वॉलबर्ग गावात व्हेरेना डीडरिखइतकी भित्री बाई शोधून सापडायची नाही. पुलावरून गाडी नेताना ती श्वास रोखून धरायची, विजा कडाडल्या की तळघरात जाऊन जपमाळ ओढायची, आणि दाताच्या डॉक्टरकडे जायचं असलं की चार दिवस आधीपासून तिला जेवण जायचं नाही. नवरा आल्क्विन जिवंत होता तोवर तो तिची चेष्टा करून भीती पळवायचा. तो गेल्यावर सगळी भीती एकट्या तिच्याच वाट्याला आली.

पण एका जागी ही बाई वाघीण होती. ती म्हणजे मैदानावरचं लाकडी खोपटं. दर रविवारी दुपारी दीडला बेसबॉलचा सामना सुरू झाला की व्हेरेना शिडी चढून वर बसायची, पेन्सिलीला टोक काढायची आणि एकेक चेंडू वहीत नोंदवायची. सलग एकतीस वर्षं. आमच्याकडे या कामाचा एक कडक नियम आहे. फलंदाज चुकीच्या क्रमाने खेळायला आला, तर नोंद ठेवणाऱ्याने ओठ हलवायचे नाहीत. ओरडायचं ते समोरच्या संघाने. त्याचं लक्ष नसेल तर त्याचं नशीब. किती माणसं आली आणि चुकली, व्हेरेनाच्या तोंडाला कुलूप ते कुलूपच. आल्क्विन म्हणायचा, "देवाने हिला तोंड दिलंय ते फक्त जेवायला."

आल्क्विनची दुसरी खोड म्हणजे फ्रिजवरचा कागद. शाळांना सुट्टी लागली की तो सहा शब्द लिहायचा: चित्रपट, पुस्तकं, बेसबॉल, खाणं, प्रवास, राजकारण. उन्हाळा संपेपर्यंत सहाही गोष्टी झाल्या पाहिजेत, नाहीतर उन्हाळा फुकट गेला असं त्याचं म्हणणं. तो गेल्यावरही व्हेरेनाने दरवर्षी हा कागद लावला. त्या वर्षीही लावला. पण त्या वर्षी त्याच्या आधी तिने आणखी एक कागद लावला होता, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

झालं असं, की संघाची चिटणीसही तीच. नियमाप्रमाणे खेळाडू मैदानापासून तीस मैलांच्या आतला हवा. म्हणून सगळ्यांची नावं-पत्ते एका यादीवर लिहायचे आणि ती यादी खाण्याच्या टपरीशेजारच्या फळीवर टाचून ठेवायची. बाहेरचा भाडोत्री गडी आणला असं कुणी म्हणू नये म्हणून ही जुनी रीत. आजोबांच्या काळापासून कुणी ती यादी वाचत नाही, पण लावतात.

आमचा कॅचर, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा गडी, एव्हेलियो निकाराग्वाचा. छत्तीस वर्षांचा, टर्कीच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला, आणि गुडघे असे की तीन तास उकिडवा बसला तरी हूं की चूं नाही. बायको डानेलिया, दीड वर्षाची मुलगी. ही माणसं इथे कायद्याने आली होती, पण मधल्या काळात वरचा कायदाच फिरला. मे महिन्यात कारखान्याजवळच्या गल्लीत परदेशी माणसांना धरून नेणाऱ्या, बिननावाच्या पांढऱ्या सरकारी गाड्या उभ्या राहायला लागल्या. दोन घरची माणसं कामावर गेली ती परतलीच नाहीत. एव्हेलियोने बिऱ्हाड हलवलं, गावाबाहेरच्या बंद पडलेल्या डेअरीच्या माडीवर.

"डोन्या व्हेरेना," यादीसाठी पत्ता विचारला तेव्हा तो हळूच, तिकडच्या रीतीने तिला 'बाईसाहेब' म्हणत म्हणाला, "हे फक्त तुमच्या कागदासाठी हं."

"अर्थात!" व्हेरेना म्हणाली. आणि शाळेतल्या मुलीसारख्या सुवाच्य अक्षरात तिने डेअरीचा पत्ता लिहिला, चारी कोपऱ्यांना चार टाचण्या मारल्या आणि घरी गेली.

आता बोला! गावासमोर टांगायच्या कागदावर खरा पत्ता लिहायचा नसतो, एवढं तिला कळायला नको? पण एकतीस वर्षांत तिने कधी खोटी नोंद केलेली नव्हती. हात आपला सवयीने चालला. घरी बटाटे सोलताना तिच्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. सुरी तशीच टाकून ती गाडी काढून मैदानावर गेली.

फळीवर चार टाचण्या होत्या. कागद नव्हता.

तिथून व्हेरेनाचा उन्हाळा सुरू झाला.

वारा म्हणावा, तर वारा टाचण्या जागच्या जागी ठेवून कागद नेत नाही. कुणीतरी तो काळजीपूर्वक काढला होता. कुणी? व्हेरेनाच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला: शेजारच्या लेक ओडेल संघाचा व्यवस्थापक गॉर्डी श्मेलिंग. त्या दिवशी तो मैदान बघायला आलेला होता. शिवाय यंदा तो जिल्ह्याच्या निवडणुकीला उभा होता, आणि 'जिल्हा साफ करू' असं लिहिलेले फलक त्याने कोपऱ्याकोपऱ्यावर ठोकले होते.

एव्हेलियोला सांगायला हवं होतं. त्याच दिवशी, त्याच घटकेला. पण सांगायचं काय? तुझा पत्ता मीच चव्हाट्यावर लावला? उद्या सांगू, उद्या सांगू करत जून उजाडला. देवाशप्पथ सांगतो, तिच्या जागी मी असतो तर मीही शेपूट घातली असती.

चित्रपट तिने शनिवारी दुपारच्या खेळाला पाहिला. विनोदी होता म्हणे. लोक हसत होते. व्हेरेना दाराकडे बघत होती, कारण मागच्या रांगेत काळा चष्मा लावलेला एक अनोळखी माणूस बसला होता. तो बायकोची वाट बघत होता असं शेवटी निघालं. पुस्तक म्हणून तिने वाचनालयातून एक खुनाची कादंबरी आणली आणि चाळिसावं पान सतरा वेळा वाचलं. प्रवास झाला तो चर्चच्या बसने, डुलूथला. मोठ्या सरोवराकाठी सगळ्या बायका आइस्क्रीम खात फोटो काढत होत्या. व्हेरेनाला वाटेतल्या पेट्रोल पंपावर दोन पांढऱ्या गाड्या दिसल्या होत्या, दोन्ही आमच्या गावाच्या दिशेने निघालेल्या. परत आल्याबरोबर तिने डेअरीवरून चक्कर मारली. माडीच्या खिडकीत पडदा होता. आत कुणी दिसलं नाही. दिवा नाही, दोरीवर कपडे नाहीत.

"तुला झालंय तरी काय?" आमच्या संघाचा व्यवस्थापक लिआंडर तिला म्हणाला. "भूत बघितल्यासारखी दिसतेस."

"उकडतंय," व्हेरेना म्हणाली.

राजकारणासाठी ती चक्क गॉर्डीच्या सभेला गेली. चर्चच्या सभागृहात सॉसेज आणि आंबट कोबी होता, आणि गॉर्डी 'आपलं आणि परकं' यावर घसा फोडून बोलत होता. व्हेरेना त्याच्या शर्टाच्या खिशाकडे टक लावून बसली, जणू तो कागद तिथून डोकं वर काढणार होता. सभा संपल्यावर तो तिच्यापाशी आला.

"व्हेरेना! तू इथे? तुझ्या वहीत तर सगळ्यांची कुंडली असते म्हणतात. कधीतरी दाखव की!"

तो हसला. व्हेरेनाची मात्र पाचावर धारण बसली. हातातलं सॉसेज तिने कागदात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं आणि तीन दिवसांनी वास सुटल्यावर तिला ते आठवलं.

राहिलं खाणं. त्या एका बाबतीत मात्र तो उन्हाळा समृद्ध होता. जूनच्या पहिल्या रविवारपासून डानेलिया मुलीला कडेवर घेऊन शिडी चढून यायची आणि केळीच्या पानात बांधलेला गरम नाकातमाल व्हेरेनापुढे ठेवायची. आत मक्याचं पीठ, डुकराचं मांस, बटाटा, पुदिना. व्हेरेना पहिला घास घेईपर्यंत ती तिथेच उभी राहायची.

"चांगलं झालंय ना, डोन्या?"

"अगं, फारच छान!"

"म्हणजे सगळं ठीक ना?"

"ठीक, ठीक," व्हेरेना म्हणायची आणि मान खाली घालून पुढचा घास घ्यायची. या पोरीचा किती हा जीव माझ्यावर, आणि मी काय करून बसले! डानेलिया हसून, वहीवर एक नजर टाकून खाली उतरायची. असं नऊ रविवार चाललं.

ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी लेक ओडेलविरुद्ध सामना होता. पाचव्या डावात लिआंडरने नेहमीप्रमाणे घोळ घातला. खरं तर सहाव्या क्रमांकाच्या गड्याची पाळी होती, आणि बॅट घेऊन निघाला सातवा, म्हणजे एव्हेलियो. व्हेरेनाची पेन्सिल कागदावर थबकली. नियम! ओठ घट्ट मिटून ती वरून त्याच्याकडे नुसती बघत राहिली. एव्हेलियोने पहिल्याच चेंडूला असा सणसणीत तडाखा दिला की तो दुसऱ्या बेसपर्यंत धावत गेला. लोक उठून ओरडायला लागले. गॉर्डीचं लक्षही नव्हतं. तो मतदारांशी हात मिळवत होता.

एव्हेलियोने हसत वर बघितलं. व्हेरेना अजून तशीच त्याच्यावर नजर रोखून, पेन्सिल हवेत धरून बसली होती. बघता बघता त्याचं हसू मावळलं. तो पांढराफटक पडला. डाव संपताच त्याने पोटात दुखतंय म्हणून सांगितलं आणि मैदान सोडलं. तीन तास उकिडवा बसणारा माणूस!

दोन मिनिटांत डानेलिया मुलीला घेऊन शिडी चढून धापा टाकत वर आली. त्या दिवशीचा नाकातमाल तिने सामना सुरू होतानाच दिला होता. आता हातात दुसरा होता. आणि एक तिसराही. ती ते व्हेरेनापुढे ठेवत होती.

"घ्या, डोन्या. घ्या ना. अजून आणते."

"डानेलिया, अगं मी एकटी बाई, किती खाणार? झालं काय?"

"सगळं ठीक ना? तुम्ही त्याच्याकडे बघत होतात. काय लिहिलंत?"

व्हेरेनाने पेन्सिल खाली ठेवली. सामना चालू असताना पेन्सिल खाली ठेवायची ही तिची एकतीस वर्षांतली पहिली वेळ.

"काही ठीक नाही," ती म्हणाली, आणि मग कुलूप तुटलं ते तुटलंच. "पोरी, मी तुमचं वाटोळं केलंय. तुमचा पत्ता मी त्या फळीवर लावला. मीच, माझ्या हाताने. कुणीतरी तो कागद नेला. गॉर्डीनेच नेला असणार. मे महिन्यापासून मला माहीत आहे आणि मी भित्र्यासारखी गप्प बसले. तुम्ही आजच्या आज तिथून निघा. डेअरीत राहू नका!"

डानेलियाने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं, पिशवीत हात घातला आणि मुलीच्या लंगोटांच्या खालून चार घड्यांचा एक कागद काढला. चारी कोपऱ्यांना टाचण्यांची भोकं होती.

"एव्हेलियोने काढला. त्याच दिवशी," ती म्हणाली. "डेअरीत आम्ही नाही, डोन्या. जूनपासून व्हॅनमध्ये आहोत. आज या तळ्यावर, उद्या त्या."

"जूनपासून? या बाळाला घेऊन? अगं, मग मला विचारायचं तरी! एक शब्द बोलायचा!"

"तुम्हाला?" डानेलिया खाली बघत म्हणाली. "तुम्हीच तर लावला होता. चुकून लावला की मुद्दाम, आम्हाला काय कळणार? आमच्या गल्लीत एक बाई होती, तिकडे, घरी. ती पण उंच पायरीवर बसायची. कुणाशी बोलायची नाही. नुसती लिहायची, आणि वही पोलिसांकडे जायची. माझे वडील तिच्याच वहीत गेले."

खाली कुणीतरी बाद झाला. व्हेरेनाने तो नोंदवला नाही.

"म्हणजे हे," तिने केळीच्या पानाकडे बोट दाखवलं. "हे सगळे रविवार..."

"तुम्ही काही लिहू नये म्हणून," डानेलिया म्हणाली.

सगळा उन्हाळा व्हेरेना गॉर्डीला भीत होती, आणि खाली ही पोर तिला भीत होती. पुलाला भिणाऱ्या व्हेरेनाला! तिला रडू कोसळलं. रडता रडताच ती बोलली: माझ्या घराच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत, पलंग आहे, आल्क्विन गेल्यापासून कुणी वर गेलेलं नाही, आज संध्याकाळीच या.

"हो, हो. येऊ ना, नक्की," डानेलिया म्हणाली आणि हसली. ते हसू व्हेरेनाच्या ओळखीचं होतं. नऊ रविवार तिने ते बघितलं होतं, आणि आज तिला त्याचा अर्थ कळला. ते दोन्ही नाकातमाल तिने परत डानेलियाच्या पिशवीत ठेवले.

त्या आठवड्यात कुणी आलं नाही. व्हेरेनाने वरच्या खोल्या झाडल्या, चादरी धुतल्या, आणि रोज दहा वेळा खिडकीपाशी गेली. पांढऱ्या गाड्या आता गावातल्या मुख्य रस्त्यावरही दिसायला लागल्या होत्या. बुधवारी कारखान्यातून सात माणसं नेली. त्यांत एव्हेलियो नव्हता. तो पहाटेच्या पाळीचा, सुटून तळ्यावर गेला होता. ही बातमी लिआंडरने सांगेपर्यंत व्हेरेना चार तास जपमाळ ओढत होती.

रविवार आला. व्हेरेना खोपट्यात जाऊन बसली. एव्हेलियो मुखवटा चढवून आपल्या जागी उकिडवा बसला तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या डावात शिडी करकरली. डानेलिया वर आली. कडेवर मुलगी होती, दुसरा हात रिकामा.

"आज काही आणलं नाही मी," ती म्हणाली. हसली नाही.

"बरं केलंस," व्हेरेना म्हणाली आणि बाकावर सरकून तिला जागा करून दिली.

डानेलिया बसली. तेवढ्यात खाली खडीवर टायर वाजले. मक्याच्या शेताकडून एक पांढरी गाडी येत होती, अगदी सावकाश. दोघींनी एकदमच श्वास रोखला. डानेलियाने मुलीचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं. व्हेरेनाने तिचं मनगट धरलं. गाडी टपरीपाशी थांबली, दार उघडलं, आणि आतून एक म्हातारं जोडपं घडीच्या खुर्च्या घेऊन उतरलं.

व्हेरेनाने मनगट सोडलं नाही, डानेलियानेही सोडवून घेतलं नाही.

"डोन्या," मग डानेलियाने मैदानाकडे बघतच विचारलं, "तुमच्या त्या वरच्या खोल्यांना मागून दार आहे का?"

"आहे," व्हेरेना म्हणाली. "जिना उतरलीस की थेट मक्यात."