वरचा ओटा

मी पाच फुटांपेक्षाही कमी आहे. आमच्या सासूबाई चांगल्या उंच होत्या आणि खालच्या घरातला ओटा त्यांच्या मापाचा. त्यामुळं लग्न होऊन सप्तापूरला आल्यापासून मी पाटावर उभी राहून पोळ्या लाटत आले. खांदे भरून येतात म्हटलं, की हे विचारायचे, "अजून एक पाट आणू का?" माणूस चांगला होता, पण डोकं तेवढंच चालायचं.

हे गेल्यावर गच्चीवरच्या पत्र्याच्या दोन खोल्या नीट करायचं मी ठरवलं. पैशाचं म्हणाल तर आमच्याकडं लीजची रीत आहे. भाडेकरूनं एकरकमी पैसे द्यायचे, मग महिन्याचं भाडं नाही. मुदत संपली की घर सोडायचं आणि सगळी रक्कम परत न्यायची. कॉलेजातल्या एका सरांनी आगाऊ पैसे दिले आणि त्यातूनच स्लॅब पडला, बाथरूम झालं, खिडक्यांना जाळ्या लागल्या. माझा मुलगा साकेत उणकलहून येऊन सांगायचा, "आई, भाडेकरूला काय लागतं ते बघ. ओटा सगळीकडं असतो तेवढाच कर." मी टाइल्स त्याच्या पसंतीच्या घेतल्या. ओट्याच्या वेळी मात्र गवंड्यासमोर स्वतः उभी राहिले, कोपर दुमडलं आणि म्हणाले, "ह्याच्या खाली." एक दिवस मी वर राहायला जाणार होते ना!

सिमेंट वाळतंय तोवर सरांचं सामान आलं. मी त्या ओट्यावर चहासुद्धा केला नव्हता. सरांची बायको ताडमाड. तीन वर्षं बिचारी वाकून स्वयंपाक करत होती आणि कंबरेच्या पट्ट्याचं खापर माझ्यावर फोडत होती. मी खाली भर दुपारी ट्यूब लावून भाजी चिरायची आणि मनानं वर असायची. वर पूर्वेची खिडकी आहे, वारा आहे. हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

आता सरांची बदली झाली आणि त्यांचे पैसे परत करायची वेळ आली. साकेत म्हणाला, "महिनाअखेरपर्यंत नवीन लीजवाला मिळाला तर ठीक, त्याच्याच पैशातून सरांचे देऊ. नाहीतर मी कर्ज काढतो. तू वर जा, खाली विद्यार्थी ठेवू, त्यांच्या भाड्यातून हप्ते जातील." त्याच्या फ्लॅटचे हप्ते अजून चालू आहेत, म्हणून 'काढच कर्ज' असं मला म्हणवेना. पण कुणी येऊ नये म्हणून मी मनात देवाला साकडं घातलं होतं.

आणि देव ऐकत होता! लोक यायचे, बाथरूम बघून खूश व्हायचे, बायका ओट्याशी जाऊन नाक मुरडायच्या. त्यांना मी आलं घालून चहा पाजून वाटेला लावायची. साकेत वैतागला. "तो ओटा फोडून उंच करूया," म्हणाला.

"हात तर लावून बघ," म्हटलं.

महिना सरत आला असताना हुबळीची रूपाली आली. तिच्या नवऱ्याला, अनिशला, इथं कॉलेजात नोकरी लागली होती. सर-बाई कामावर गेले होते, म्हणून घर मीच दाखवलं. जिन्यातच सुरुवात केली, "माकडं फार आहेत हो. पाणी रोज येत नाही. उन्हाळ्यात स्लॅब तापतो." अनिशचा चेहरा उतरत चालला. मी मनात वरच्या खिडकीला पडदे लावायलासुद्धा घेतले.

स्वयंपाकघरात तो म्हणाला, "ओटा बुटका आहे की हो."

तेवढ्यात रूपाली पुढं झाली. माझ्याएवढीच, कदाचित बोटभर कमी. तिनं पोळपाट असल्यासारखे दोन्ही हात ओट्यावर फिरवले. खांदे वर गेले नाहीत, टाचा उचलल्या नाहीत.

"भाळ छलो ऐती!" फारच छान आहे, असं ती नवऱ्याला कन्नडमध्ये म्हणाली आणि माझ्याकडं वळली. "अक्का, असा ओटा मी जन्मात बघितला नाही. कुणी करून घेतला हो?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण इतकी वर्षं ज्याला त्याला तो ओटा चुकला म्हणताना ऐकलं होतं. "मी करून घेतला!" म्हणाले. मग जीभ थांबेना. पाणी सिंककडं जावं म्हणून उतार कसा दिलाय, सकाळचा उजेड विळीवर कसा पडतो, डबे हाताशी यावेत म्हणून फळी किती खाली घेतलीय, सगळं सांगून बसले. माकडांचं काय, तर जाळ्या भक्कम आहेत. पाण्याचं काय, तर टाकी मोठी आहे.

अनिशनं त्याच दिवशी विसार दिला. साकेतचा फोन आला, "आई, शाबास! तीन वर्षांचा तर प्रश्न आहे, मग तू जा वर." मी बरं म्हटलं आणि फोन ठेवून रडले. तीन वर्षांपूर्वीही तो हेच म्हणाला होता, आणि जिना चढायला माझे गुडघे काही थांबून राहणार नव्हते.

सर गेले, रूपालीचं सामान लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खाली आली. "अक्का, वर चला की. नव्या घरात पहिलं दूध उतू घालवायचंय, तुमच्या हातानं."

"अगं, मी विधवा बाई. तुझ्या सासूला बोलव."

"घर तुमचं, ओटा तुमचा. सासूबाईंचं काय मध्येच? चला बघू."

वर गेले. तिनं पातेलं ठेवलं, दूध ओतलं आणि बाजूला झाली. गॅस मी पेटवला. पायांखाली पाट नव्हता, थंडगार फरशी होती. हात जिथं असायला हवे तिथंच होते. खिडकीतून ऊन येऊन मनगटावर पडलं होतं. किती सुख वाटलं, काय सांगू! दुधाच्या कडेला बारीक बुडबुडे धरू लागले तसा मी गॅस अगदी बारीक केला.

"अक्का, उतू कसं जाईल असं? मोठा करू का?" रूपालीनं विचारलं.

"राहू दे गं," म्हणाले. "लागू दे जरा वेळ."