पहिली फुली

मित्रांनो, अंगावर चौऱ्याण्णव हजार किलोमीटर घेऊन उभी असलेली मी एक मोटारसायकल आहे. जुनी म्हणा, चालेल. थकलेली म्हणालात तर मात्र मला राग येईल. मी डांबरावर पळते तशीच खडीवर आणि चिखलातही चालते. म्हणून माझी चाकं उंच आणि तारांची आहेत. खड्डा आला की तारा थोड्या लवतात आणि मार सोसतात. फक्त त्या नीट ताणलेल्या हव्यात.

चाकणच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला आणि तिथून मी चऱ्होलीला भीमराजांच्या घरी आले. ते दुसऱ्या एका कंपनीत फिटर होते. कंपनीत प्रत्येक मशीनला तपासणीचा कागद असतो, तसाच त्यांनी माझ्यासाठी बनवला. ऑइल, चेन, हवा, ब्रेक, तारा, अशा दहा ओळी. शिफ्टला निघण्याआधी ते उकिडवे बसायचे आणि पान्याने एकेक तार वाजवायचे. घट्ट तार टण् बोलते, सैल तार थप्. मग ते टिक मारायचे. इतक्या वर्षांत माझं इंजिन एकदाही खोलावं लागलं नाही. पिंपरीचे मेकॅनिक लालमहंमदचाचा गिऱ्हाइकांना माझं उदाहरण द्यायचे आणि मी, खोटं कशाला बोलू, भलतीच फुशारायचे.

निवृत्त झाल्यावर भीमराजांचे गुडघे धरले. खाली बसवेना. पण कागदावर रिकामा चौकोन त्यांना सहन व्हायचा नाही आणि फुली तर मुळीच नाही. कंपनीत बिघाडाची फुली मारली की साहेबांना कारण सांगावं लागायचं, ती धास्ती जन्मभर अंगात मुरलेली. मग सोमवारी चहा पिता पिता खुर्चीतूनच आठवड्याभराची टिक मारून व्हायची. इकडे माझ्या मागच्या चाकात तीन तारा सैल झाल्या होत्या. अहो, बघा तरी, असं ओरडावंसं वाटायचं, पण मला तोंड कुठलं!

अशातच त्यांच्या मुलीला, साक्षीला, आरोग्यसेविकेची नोकरी लागली. भोरगिरीच्या बाजूला डोंगरातल्या पाच वाड्या तिच्याकडे आल्या. लशींचा डबा घेऊन बर्फ वितळायच्या आत वर पोचायचं, असं ते काम. तिची आई जाईबाई म्हणाली, हे धूड भंगारात द्या आणि पोरीला नवी स्कूटर घ्या. साक्षीने सांगितलं की रविवारी वरच्या वाडीपर्यंत नेऊन बघते. चढली तर हीच गाडी, नाही तर भंगार. मी मनाशी ठरवलं, काय वाट्टेल ते होवो, मी चढणार.

रविवारी सकाळी भीमराजांनी कागदांची फाइल तिच्या हातात दिली. तिने पानं चाळली.

"पप्पा, अकरा वर्षांत एकसुद्धा फुली नाही?"

"नाही," ते ताठ मानेने म्हणाले.

साक्षीने पाना घेतला आणि खाली बसली. टण्, टण्, थप्. थोडं पुढे पुन्हा थप्. मग आणखी एकदा. भीमराजांचा चेहरा उतरला. डब्याचं ओझं घेऊन डोंगरातल्या दगडी उतारावर चाक मोडलं असतं तर पोरीचं काय झालं असतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. जाईबाई म्हणाली, झालं समाधान? द्या आता भंगारात. मला स्वतःच्या फुशारकीची फार लाज वाटली.

"मी बघितलंच नव्हतं, साक्षी," भीमराज म्हणाले. "खाली बसवत नाही. सांगायची लाज वाटली."

तिने पेन पुढे केलं. त्यांनी तारांच्या ओळीत फुली मारली.

त्या रविवारी आम्ही डोंगराऐवजी पिंपरीला गेलो. लालमहंमदचाचांनी तीन तारा बदलल्या, बाकीच्या ताणल्या आणि चाक सरळ केलं. पुढच्या रविवारी, मित्रांनो, मी चढले! पहिल्या गिअरमध्ये, दगडांवरून आपटत, पण एकदाही न थांबता मी वरच्या वाडीत पोचले. जाईबाईने भंगाराचं नाव पुन्हा काढलं नाही.

आता साक्षी डोंगराच्या पायथ्याशी खोली घेऊन राहते. रोज सकाळी ती चऱ्होलीला फोन लावते, फोन माझ्या सीटवर ठेवते आणि खाली बसून एकेक तार वाजवते. तिकडे भीमराज कागद मांडीवर घेऊन ऐकत असतात.

तुमच्याकडे सायकल असेल, शिवणयंत्र असेल, घरचा पंखा असेल. त्याला हात लावून बघा. हात पोचत नसेल तर तसं सांगा, त्यात कमीपणा नाही. पण न बघता टिक मारू नका.

परवाच साक्षी घाईत होती. तारा भराभर वाजवून ती उठलीसुद्धा. तेवढ्यात फोनमधून आवाज आला.

"थांब. शेवटून दुसरी परत वाजव."

तिने वाजवली. थप्.

तिकडे कागदावर पेन फिरल्याचा आवाज मी ऐकला. साक्षीने पाना उचलला आणि ती पुन्हा खाली बसली.