आजचा भाव

आमची सून प्राची भारी हट्टी. तोंडावर तिला मी तसं म्हणतेही. पण अख्ख्या लालबागेत तिच्यासारखी दुसरी दाखवा, मग बोला.

खोली आमची भाड्याची, आतलं सामान मात्र आमचं. त्या सामानाचा विमा प्राचीनेच उतरवला. दरवर्षी हप्ता वाढायचा आणि माझा मुलगा हितेंद्र कुरकुरायचा, "काही जळलं नाही, चोरी नाही, मग वाढ कसली? सामान तर तेच."

"सामान तेच रे, भाव तेच नाहीत," ती म्हणायची. "फ्रिज उद्या गेला तर दुकानदार आपल्या लग्नाच्या वेळच्या भावात देणार आहे का?"

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. ह्यांचा गिरणीतला पाना आधी, मग बाकीचं. ह्यांच्या माघारीही ते चुकलं नाही. त्यात प्राचीने नवीनच काढलं. दुकानं फिरून यायचं, आणि पूजेत एकेका वस्तूला झेंडू वाहून तिचा आजचा भाव मोठ्याने सांगायचा. मिक्सर, फ्रिज, मसाला दळायची चक्की. देवाच्या कामात बाजार कसला मांडतेस, म्हणून मी करवादायचे. पान्याला मात्र ती फूल वाहून गप्प बसायची. मला वाटायचं, जुन्या लोखंडाचा काय भाव सांगणार बिचारी.

गेल्या नवमीला हितेंद्र अडूनच बसला. यंदा विम्याचा आकडा जुनाच ठेव, हप्ता कमी बसेल. प्राचीच्या मसाल्यावर आमचं अर्धं घर चालतं. ती म्हणाली, "मग पैसेही जुन्या भावाने मिळतील. त्यात अर्धी चक्की येते. अर्ध्या चक्कीत मिरची कशी दळू?" आणि आजच्या भावाने विमा भरून मोकळी झाली.

फाल्गुनात भर दुपारी दाराबाहेरची मीटरची पेटी पेटली. मी आधी बाहेर पडले. "चक्की ओढ गो, टीव्ही घे," मी ओरडत होते. प्राची खोकत आली ती ओढणीत काहीतरी गुंडाळून. मागे सगळं जळत होतं. जिन्यावर बसून मी तिला वाट्टेल ते बोलले. चक्की गेली, आता खायचं काय?

तिने ओढणी माझ्या मांडीवर सोडली. आत ह्यांचा पाना होता.

"आई, बाकी सगळं आजच्या भावात मिळेल," ती म्हणाली. "बाबांचा पाना मी कुठल्या दुकानात विचारू?"

मला मेलीला तेव्हा रडूच आलं, पण पैशांचं खरं वाटलं नाही. विम्याचा माणूस आला, राख बघून गेला. मसाल्याचा हंगाम सरायच्या आत नवी चक्की दारात उभी राहिली, आणि तिचा भाव हितेंद्रने आपणहून मोठ्याने सांगितला.

मी पान्याला झेंडू वाहिला. दुसरा प्राचीच्या केसांत खोवला आणि गप्प बसले.