भीमेकाठची घोडी

आम्ही कुरमार, मेंढ्या राखणारे. मेंढ्यांमागे चालणारी आमची घोडी ठेंगणी, पोट सुटलेली, दिसायला बावळट. आरमोरीच्या बाजारात लोक तिला गाढव समजायचे आणि माझं डोकं फिरायचं. सासऱ्यांनी ती भीमेकाठच्या धनगरांकडून आणलेली. समुद्रापलीकडून जहाजांनी आलेले अरबी घोडे तिकडच्या गावठी घोड्यांत मिसळले आणि त्यातून ही भीमथडी जात झाली, असं ते सांगत. नाल न ठोकता दगडधोंड्यांतून चालते, वाळल्या गवतावर जगते. आता अशी घोडी शोधूनही सापडत नाही.

तिला दोर कधी लावलाच नाही. मेंढ्या जातील तिकडे ती मागोमाग. पाठीवर आमचं बिऱ्हाड आणि त्यावर बांधलेली आमची लेक आचल, नुकते दात येऊ लागलेली.

नव्व्याण्णवच्या थंडीत, भर दुपारी, जंगलवाटेवर वाघाने कळपावर झडप घातली. मेंढ्या उधळल्या. मी आणि माझा नवरा दादाजी त्यांच्यामागे धावत सुटलो. मेंढ्यांमागे घोडी असणारच, हे आमच्या अंगात भिनलेलं. मोकळ्या शेतात मेंढ्या थांबल्या तेव्हा मी वळून पाहिलं. घोडी नव्हती.

मी आल्या वाटेकडे वळले.

"गोकुळा, ओझं कललं असन," तो म्हणाला. "सरळ केल्याबिगर घोडी पाय उचलत नाई. तिले तसंच शिकवलं हाय."

म्हणजे आचल वाघाजवळच होती.

परत जाताना पायाखाली सागाचं पान वाजलं तरी जीव जायचा. घोडी वाटेतच उभी होती. ओझं एका कुशीला लोंबत होतं आणि त्यात आचल अंगठा चोखत होती. पलीकडे बांबूच्या बेटात हाडं मोडल्याचा आवाज येत होता. वाघ मेंढी खात होता.

मी आचलच्या दोरीची गाठ सोडायला गेले, पण ओझ्याच्या भाराने ती आवळली होती. दादाजीने माझा हात बाजूला केला, ओझ्याखाली खांदा घातला आणि ते सरळ केलं. घोडी निघाली, नेहमीच्या संथ चालीने. मला तिचा असा संताप आला! पळ ना बये, असं मी मनातल्या मनात ओरडत होते.

शेतात पोचल्यावर आचलला छातीशी धरलं. दादाजीने ओझं उतरवलं. तेव्हा कुठे घोडीचे पाय लटपटले आणि ती मटकन खाली बसली. तिच्या अंगाला कापरं भरलं होतं. इतका वेळ मी समजत होते, या बावळटीला भीती कळतच नाही.