बकऱ्याच्या तोंडाचं चित्र

विजयाला कथेत मोघम लिहिलेलं खपत नसे. बाईच्या पोटात कळ आली की आली, एवढ्यावर भागवणाऱ्या लेखकांचा तिला मनापासून राग होता. अरे, कळ आली तर कुठं आली, उजवीकडं की डावीकडं, ते तरी सांगा. म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळी अंकासाठी धाकट्या बहिणीच्या ऑपरेशनवर कथा लिहायची ठरवली, तेव्हा तिनं पहिल्यांदा लेकीचं शरीररचनेचं सचित्र पुस्तक मागून घेतलं. अनुश्री नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. त्या जाडजूड पुस्तकावर ट्रेसिंग पेपर ठेवून ती हाडं, शिरा, स्नायू गिरवायची, रंगीत पेन्सिलींनी रंगवायची आणि तोंडानं नावं पाठ करायची. तेलीबांध्याच्या त्या दोन खोल्यांत जेवायच्या टेबलावर कायम कुणाचं तरी यकृत नाहीतर फुप्फुस पसरलेलं असायचं.

मंडळाचे चिटणीस श्यामकांत यांनी विषय ऐकून आधीच नाक मुरडलं होतं. "विजयाताई, सणासुदीचा अंक आहे, पोटाखालचं काही नको," म्हणे. जणू हे स्वतः ढगातून टपकले होते. विजयानं फोन ठेवला आणि चिडून दुप्पट जोरानं लिहायला बसली.

धाकटी शांता शहराबाहेरच्या कारखान्यांच्या वस्तीत, उरल्याला राहायची. नवरा मारोती रोलिंग मिलमध्ये शिफ्टवर. आठेक वर्षांपूर्वी, बत्तीसचीही नव्हती तेव्हा, तिची गर्भपिशवी गाठींसकट काढली. पांढरं जातं, कंबर दुखते, एवढीच तक्रार घेऊन ती नवऱ्यासोबत तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये गेली आणि चौथ्या दिवशी टाके घालून घरी आली. तेव्हापासून ही पोरगी झपाट्यानं म्हातारी झाली. अंगातून वाफा निघायच्या, गुडघे धरायचे, रात्र रात्र झोप नाही. तरी डॉक्टर तिच्यासाठी देव होता. दर दिवाळीला चकल्या-अनारशांचा पहिला डबा त्याच्या घरी जायचा. पाऱ्यातल्या, म्हणजे आसपासच्या गल्लीतल्या, बायकांनाही हीच हाताला धरून त्याच्याकडं न्यायची.

रविवारी सकाळी विजयानं तिला फोन लावला. कथेत तो दवाखान्यातला प्रसंग नीट यायला हवा होता.

"शांते, डॉक्टरनं तुले नेमकं काय दाखवलं होतं? आठवून सांग."

"चित्र दाखवलं ना, भिंतीवरचं. बकऱ्याच्या तोंडासारखं होतं पाह्य. वर दोन शिंगं. अन् शिंगाखाली इकडून एक, तिकडून एक, बदामासारख्या पांढऱ्या गाठी. म्हणे, ह्याच त्या गाठी, सडल्या तर कॅन्सर होते. मारोती तं लयच भ्याला होता."

"आणि पोटाची सोनोग्राफी?"

"तिचं काय काम? चित्रात दिसून राहिलं होतं ना सारं."

हे बोलून शांतानं सहज सांगितलं की उद्या सकाळी ती शेजारच्या कलावतीला ऑपरेशनसाठी घेऊन तिथंच जाणार आहे. तिलाही त्याच गाठी निघाल्यात. डॉक्टरनं तेच चित्र दाखवलं.

फोन ठेवून विजया पुस्तक चाळू लागली. आणि एका पानावर थांबली. बकऱ्याचं तोंड. वर दोन शिंगं. दोन्हीकडं बदामासारखं पांढरं. अगदी शांतानं सांगितलं तसंच.

"अनू, हे काय आहे?"

अनुश्रीनं मान न उचलता, शाळेत अंगवळणी पडलेल्या हिंदीत उत्तर दिलं, "ओव्हरी है मम्मी. दोनों साईड होती है."

"कोणाला असते?"

"सबको. आपको भी, मुझे भी. नॉर्मल है."

विजयाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या हरामखोरानं निरोगी बाईचं चित्र दाखवून तिच्या बहिणीला आजारी ठरवलं होतं. जे प्रत्येक बाईला देवानं दिलेलं असतं, त्यालाच गाठ म्हणाला आणि कापून टाकलं. मिलमधला नवरा, चौथी शिकलेली बायको, कोण विचारणार होतं त्याला? दोघांनी जन्मात असलं चित्र पाहिलं नव्हतं. घरात, शाळेत, कुणी पाहू दिलंच नव्हतं. सगळ्यांनी मिळून झाकून ठेवलं आणि त्या झाकलेल्यावर हा माणूस बंगला बांधून बसला.

अनुश्री मात्र घाबरून म्हणाली, "मम्मी, रिपोर्ट देखे बिना ऐसे नहीं बोलते."

"रिपोर्टच नाही ना बाळा. तेच तर म्हणून राहिली मी."

तिनं पुस्तक पिशवीत कोंबलं, घरातल्या साडीवरच बाहेर पडली आणि ऑटो बदलत बदलत उरल्याला पोचली. रस्त्यावर ट्रकांची रांग लागली होती, काळी धूळ दातांत येत होती. ती वाटभर दातओठ खात बसली होती, त्यात ती धूळही चावली गेली.

शांता भाकरी टाकत होती. विजयानं तिच्यापुढं जमिनीवर पुस्तक उघडलं.

"हेच होतं का?"

शांता हात पुसत वाकली. "हेच. हेच होतं. पाह्य ना, ह्या गाठी."

"ह्या गाठी नाहीत शांते. हे अंडाशय आहे. मलेबी आहे, अनूलेबी आहे. धडधाकट बाईचं चित्र आहे हे."

शांता आधी हसली. मग तिचं तोंड कडक झालं. "तू कथा लिहून राहिली ताई, तुले मसाला पाह्यजे. डॉक्टर खोटं काहून बोलन? आपलं काय खाल्लं त्यानं?"

"तुझं अंग खाल्लं. आणखी काय खायचं राहिलं होतं?"

"माझा जीव वाचवला त्यानं."

"जीवाला काही झालंच नव्हतं."

शांतानं तव्यावरची भाकरी करपू दिली. तिनं ताईकडं असं पाहिलं की विजयाला वाटलं, आता ही आपल्याला घराबाहेर काढते. पण मग तिची नजर पुन्हा चित्रावर गेली आणि तिथून हलेना. बोटानं ती एक बदाम चाचपत होती, मग दुसरा. पलीकडच्या पानावर पाठमोरी बाई होती, त्याच्या पलीकडं पोटुशी बाई. तिथंही ते दोन्ही बदाम होतेच. कुणाही बाईचं चित्र काढा, ते होतेच.

"हिलेबी आहे," शांता पोटुशीवर बोट ठेवून म्हणाली. "गाठी असत्या तं हिचं पोर कसं झालं असतं?"

विजयानं पान तिच्याकडं आणखी सरकवलं. बोलली असती तर शिव्याच आल्या असत्या.

शांता उठली, गॅस बंद केला आणि भिंतीपलीकडं हाक मारली, "कलावती, उद्या नाही जायचं. मोठ्या दवाखान्यात जाऊ, पोटाचा फोटो काढू. त्याच्याकडं नाही." पलीकडून कलावती काहून, काहून विचारत राहिली. शांतानं तिला पुस्तकच नेऊन दाखवलं, आणि तिथंच, तिच्या दारात उभी राहून, उद्याच्या ऑपरेशनचं काम मोडलं.

विजयाला हायसं वाटलं. आता कथेचा शेवट तिला दिसायला लागला होता. डॉक्टरविरुद्ध तक्रार, पोलीस, अंकात ठळक अक्षरांत सगळं. श्यामकांतांना काय बोलायचं तेही ठरून गेलं.

पण शांता घरात परत आलीच नाही. पुस्तक छातीशी धरून ती सरळ गल्लीत निघाली. विजया मागं धावली.

"कुठं चालली?"

"अंजनाबाईकडं. तिच्या सुनेलेबी ऑपरेशनले मीच नेलं होतं, मागच्या उन्हाळ्यात. तिच्याआधी आणखी होत्या. तू नंतर लिही ताई. आधी मले सांगू दे."

गल्लीच्या टोकाला अंजनाबाई दारातच तांदूळ निवडत होत्या. सून आतून आली. कोवळी पोर, लग्नाला तीन वर्षंही नसतील, पदरात एक मुलगी. शांतानं तिच्यापुढं पान धरलं आणि न थांबता सगळं सांगितलं, जसं तिला कळलं होतं तसं. आपण फसलो, आणि तुम्हालाही तिथं नेऊन फसवलं.

सुनेनं चित्र नीट पाहिलं. तिला कळायला वेळ लागला नाही.

"मग आता ते परत बसवता येते का, दीदी?"

विजयानं मान वळवली. शांतानं नाही वळवली.

"नाही. नाही येत."

अंजनाबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. पोरीनं पुस्तक मिटलं आणि शांताच्या हातात परत दिलं.

"तूच नेलं होतं मले तिथं."

"हव," शांता म्हणाली. "मीच नेलं होतं."