केवळाबाईची हजेरी

माझ्या आजीला, नागुबाईला, गंभीर तोंडाचं वावडं होतं. लग्नात पुरुषमाणसं वरातीला गेली की ही तव्याच्या काजळीनं मिशा काढायची, मामाचं धोतर नेसायची आणि फौजदार होऊन बायकांची झडती घ्यायची. यंदा ऑगस्टात लातूर जिल्हा झाला, आमचा तालुका त्यात गेला, तेव्हा म्हणाली, "झोपले उस्मानाबादेत अन् उठले लातुरात. कूस सुदिक बदलली न्हाई." दिवाळीनंतर ती गेली. तिच्या पुण्यानुमोदनाला मी लातूरहून एसटीनं गावी आले. नव्या कचेरीत मी नुकतीच कारकून म्हणून लागले आहे.

त्रिशरण-पंचशील झालं, भंतेजी बोलले, मग लोकांनी आजीच्या गमती सांगायला सुरुवात केली. मांडव हसत होता. मला कुणी बोलायला सांगेल या भीतीनं मी घरामागं कडब्याच्या गंजीआड भांडी घासत बसले. कारण आजीची सगळ्यात मोठी गोष्ट मला ठाऊक होती, आणि ती सांगायची हिंमत मला दहा वर्षांत झाली नव्हती.

आजी माणसांचे आवाज काढायची. बहात्तरच्या दुष्काळात अख्खं गाव पाझर तलावाच्या कामावर होतं. व्यंकटी मुकादम सकाळी आणि दुपारच्या भाकरीनंतर हजेरी घ्यायचा. मान वर करायचा नाही. नाव घ्यायचा, आवाज ऐकायचा, खूण करायचा. एखादीनं ओ दिली नाही तर तिला हुडकायला नदीपर्यंत माणूस धाडायचा. कुणाचं लेकरू तापलेलं असायचं, कुणी दोन जिवांची बाई सावलीला आडवी झालेली असायची. तिच्या नावाला आजी तिच्याच आवाजात ओ द्यायची आणि बायका तोंडात पदर कोंबून हसायच्या. पण बाई कुठं आहे ते आजी आधी स्वतः बघून यायची, मगच आवाज काढायची. मी दहा वर्षांची होते. आवाज शिकले, बघून यायचं शिकले नाही.

त्या दुपारी आजी बायकांच्या मागं, जरा लांब, बाभळीखाली लेकरांच्या झोळ्या हलवत होती. मुकादमानं पुकारलं, "केवळाबाई निवृत्ती." कुणी बोललं नाही. केवळाबाईचा आवाज घोगरा, शेवटाला वर चढणारा. मी बायकांच्या मागून म्हटलं, "हाय जी!" हुबेहूब जमलं. बायका हसल्या. नागुबाईनं ओ दिली म्हणजे केवळा कुठं आहे ते तिला ठाऊक असणारच, असं त्यांना वाटलं. आणि झोळीपाशी बसलेल्या आजीला तर तो आवाज खराच वाटला.

केवळाबाई नदीत झिऱ्यावर गेली होती. पाण्यासाठी कोरड्या वाळूत खणलेला तो खड्डा तोवर पुरुषभर खोल गेला होता. वाळू ढासळली. तिची वर्षाची पोर झोळीत रडून रडून निळी पडायला लागली, तेव्हा कुठं शोध सुरू झाला. वाळूखाली ती किती वेळ जिवंत होती, कुणालाच माहीत नाही. मी मात्र रोज नवा हिशेब करते. कधी पाच मिनिटं, कधी अख्खी दुपार.

"दुपारी ओ कुणी दिली?" मुकादमानं विचारलं. आजीनं माझ्याकडं एकदाच पाहिलं. "म्या दिली," म्हणाली.

त्यानंतरही ती हसायची थांबली नाही. बाई खाल्ली अन् हसून राहिली, असं लोक तिच्या तोंडावर म्हणायचे. केवळाबाईच्या घरानं आमच्या दारात पाय ठेवायचं सोडलं. एकदा मी रडत म्हटलं, "आजी, मी सांगू का?" तर म्हणाली, "गप. मला सवय हाय लोकांची." आणि मी गप बसले. आजतागायत बसले आहे. मला माझी किळस येते ती याचीच.

तो आवाज माझ्या घशात राहिला. भाकरी थापताना येतो. कचेरीत हजेरीबुक पुढं आलं की येतो. "हाय जी." मी दात घट्ट मिटून सही करते. भूतबित आम्ही मानत नाही. छप्पन साली घरातले देव गेले तेव्हा तेही गेलं. पण हे घशातलं कुठं सोडून यावं?

"पंचशीलाताई."

मागं केवळाबाईची पोर उभी होती. पंचफुला, आता अकरा वर्षांची. तिची मावशी पारूबाई तिला घेऊन दहा वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरी आली होती.

"नागूआजी माझ्या मायचा आवाज काढायची म्हणं?"

"हाव."

"म्या ऐकलाच न्हाई कधी. तुला येतो का? येकदा माझं नाव घे की मायच्या आवाजात."

सोपं होतं. आवाज काढला असता, पोर खूश झाली असती आणि आजी आणखी दहा वर्षं दोषी राहिली असती. मी राखेचे हात पदराला पुसले.

"येतो. पण आधी ऐक. त्या दुपारी आजीनं ओ दिली नव्हती. म्या दिली होती, गंमत म्हणून. तुझ्या मायला हुडकायला कुणी गेलं न्हाई ते माझ्यामुळं."

ती रडली नाही.

"तवा गप बसायला काय झालं होतं तुला?"

"आवाज काढू?" मी कसंबसं विचारलं.

"नगं."

ती गंजीला टेकून खाली बसली. तेवढ्यात घरातून पारूबाईची हाक आली. "पंचफुला! ए पंचफुला!" पोरीनं ओठ मिटले. इथं आहे म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिनं मान हलवली. मी तोंड मिटलं.

दुसरी हाक आली. तिसऱ्या हाकेला पारूबाईचा आवाज फाटला. मांडवातलं हसणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, नदीकडं बघा. पावलं धावली. मी तोंडावर दोन्ही हात दाबून बसले होते.

पारूबाई अनवाणी, पिठाच्या हातांनी गंजीला वळसा घालून आली. तिनं पोरीच्या पाठीत धपाटा घातला आणि मग तिला गच्च कवटाळलं. "ओ द्यायला काय झालं गं तुला?"

"बघून राहिले होते," पंचफुला तिच्या कुशीत म्हणाली, "हुडकायला येतेत का."