मागच्या जिन्याने

मानवी हक्क आणि समता आयोगाच्या कचेरीत तिला सगळे समेटबाई म्हणत. तिच्या पदाचं खरं नाव लांबलचक होतं आणि दारावरची पाटी सोडली तर ते कुणालाच धड सांगता यायचं नाही. तक्रार आली की सुनावणी, निकाल हे सगळं पुढचं. त्याआधी दोन्ही बाजूंचं गोडीगुलाबीने जुळतंय का ते बघायचं, हे तिचं काम. त्यात तिचा हातखंडा होता. "बाहेर जगाचा समेट करतेस, मग घरी टीव्हीच्या रिमोटवरून माझं डोकं का खातेस?" असं नवरा म्हणायचा. घरच्या तक्रारी आयोगाकडे चालत नाहीत, हे तिचं ठरलेलं उत्तर होतं.

तिची कामाची एक पद्धत होती, तिची तिनेच बसवलेली. पुढच्या दालनात बाकांवर माणसं बसलेली असत आणि त्यांच्या नजरा येणाऱ्याजाणाऱ्याला सोलून काढत. म्हणून नाजूक प्रकरण असलं की कचेरीतले जुने शिपाई, म्हणजे सगळ्यांचे मामा, तक्रारदाराला मागच्या जिन्याने वर आणत आणि आतल्या खोलीत बसवत. समोरचा पक्ष बाहेरच्या खोलीत. दोन खोल्यांमधल्या दाराला जाडजूड कपाट लावून टाकलेलं. समेटबाई लांबून वळसा घालून इकडचं बोलणं तिकडे न्यायची, आणि नेताना त्याचे काटे काढायची. पुढे तक्रारदार कधी बाहेर भेटला तर ओळखसुद्धा दाखवायची नाही, हा तिचा आणखी एक नियम. एकदा भाजी घेताना एक जुना तक्रारदार समोर आला, तेव्हा तिने चेहरा इतका कोरा केला की त्याने घाबरून विचारलं, "मॅडम, चक्कर येतेय का?"

अशा या खोलीत एक दिवस पोहायला शिकवणारी बाई येऊन बसली. एका क्रीडासंस्थेच्या तलावावर ती कित्येक वर्षं लहान मुलांना पोहायला शिकवत होती. मग तिच्या अंगावर कोड उठलं. आधी बोटांवर, मग मनगटांवर, मग गळ्यावर आणि ओठांच्या कडेला. कोड पाण्यातून पसरत नाही, कशातूनच पसरत नाही, हे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. पण काही पालकांनी कुरकुर केली आणि मॅनेजरने तिला पाण्यातून काढून सामानाच्या खोलीत बसवलं. पगार तोच, काम मात्र पोहायच्या टोप्या आणि तरंगायच्या फळ्या वाळत घालायचं. शिकवण्यात जिचा जीव, तिने दिवसभर भिंतीपलीकडून मुलांचा दंगा ऐकायचा. तिला तिचं पाणी परत हवं होतं, बाकी काही नको होतं.

बाहेरच्या खोलीत मॅनेजर आधीच काखा वर करून बसला होता. "मॅडम, माझ्या मनात काही नाही हो. पण पालकांच्या जिभेला कोण हाड बसवणार?"

समेटबाईने त्याला शांतपणे कायदा समजावला, सुनावणी झाली तर काय होईल तेही सांगितलं. त्याने घाम पुसला, तो पाणी प्यायला आणि हळूहळू जागेवर आला. बाईंना परत शिकवायला घेतो म्हणाला. पहाटेची बॅच देतो, तेव्हा मोठ्या बायका असतात, गर्दी नसते. अंगभर पोशाख घालावा, हातमोजे घालावेत. आणि बाजूच्या फाटकातून यावं, म्हणजे कुणाचं काही म्हणणं राहणार नाही.

समेटबाईला आकाश ठेंगणं झालं. वळसा घालून ती आतल्या खोलीत गेली ती जवळजवळ धावतच. "बाई, झालं तुमचं काम! पाणी परत मिळालं."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मोज्यांचं ऐकलं, फाटकाचं ऐकलं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "ते फाटक म्हणजे तुमच्या जिन्यासारखंच की."

"म्हणजे?"

"मला आज मागच्या जिन्याने आणलंत ना. मामा म्हणाले, या इकडून, कुणी बघणार नाही. फार प्रेमाने म्हणाले. पण मॅडम, मी तोंड लपवायला नव्हते आले. तिकडे सामानाच्या खोलीत लपवलंय, म्हणून तर तुमच्याकडे आले."

"अहो, ते तुमच्यासाठीच असतं," समेटबाई म्हणाली. "लोकांना अवघडल्यासारखं होतं."

"कुणाला विचारलंत?"

कुणालाच विचारलं नव्हतं. इतक्या वर्षांत इतकी माणसं त्या जिन्याने चढली आणि उतरली, आणि कुणालाही तिने एका शब्दाने विचारलं नव्हतं. तिला लाज वाटली, अगदी कानांच्या पाळ्या गरम होईपर्यंत. दारात उभे असलेले मामा उगीचच कडीशी खेळायला लागले.

"आता विचारते," ती खुर्ची ओढून बसत म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

"संध्याकाळची बॅच. माझीच होती ती. लहान मुलं असतात आणि पालक वर गॅलरीत बसतात. मला त्यांच्यासमोर शिकवायचंय, माझ्या नेहमीच्या पोशाखात. आणि आमचे मॅनेजर सर इतके महिने माझ्या कातडीबद्दल सगळ्यांशी बोलतायत. एकदा माझ्यासमोर बसून बोलू देत."

समेटबाईने मामांकडे पाहिलं. मामांनी कपाटाकडे पाहिलं. "रिकामं केल्याशिवाय हलायचं नाही ते," मामा म्हणाले, पण म्हणता म्हणता त्यांनी बाह्या सरसावल्यासुद्धा. तिघांनी खांदा लावला. कपाट कण्हत, कुरकुरत सरकलं, वरून एक मेलेली पाल पडली, आणि गंजलेलं दार उघडलं तेव्हा पलीकडे मॅनेजर भूत पाहिल्यासारखा उभा होता.

ते समोरासमोर बसले. मॅनेजर टेबलाकडे बघत राहिला.

"सर," बाई म्हणाल्या, "तुमच्या धाकटीला तरंगायला कुणी शिकवलं?"

"तुम्ही."

"तेव्हा माझी बोटं पांढरी होतीच. रोज तुम्ही तिला न्यायला यायचात."

"हो." पहिल्यांदा त्याने वर पाहिलं. "मला माहीत होतं हो, बाई. पसरत नाही हे माहीत होतं. पण पालकांना सांगायची मला हिंमत झाली नाही. अजूनही नाही. काय सांगू त्यांना?"

"तुम्ही कशाला सांगताय? मी पाण्यात असेन. ज्याला विचारायचंय तो मला विचारेल."

समेट झाला. हातमोजे गेले, फाटक गेलं. जाताना मामा सवयीने मागच्या जिन्याकडे वळले. बाई पुढच्या दालनातून, बाकांवरच्या सगळ्या नजरांमधून, पिशवी खांद्याला लावून सावकाश निघून गेल्या. मामा तसेच उभे राहिले आणि मग धावत जाऊन त्यांनी त्यांच्यासाठी मोठं दार उघडलं.

पहिल्या संध्याकाळी समेटबाई तलावावर गेली. ठरलंय तसं होतंय का हे बघणं कामातच येत होतं. गॅलरीत मागच्या रांगेत, चेहरा कोरा करून, ती बसली. बाई पाण्यात उतरल्या तशी कुजबुज झाली. एक आई उठली, खाली गेली आणि टॉवेलात गुंडाळून मुलाला घेऊन चालती झाली. आणखी एक बाप अर्धवट उठला, आणि इकडेतिकडे बघून पुन्हा बसला.

पाण्यात एक छोटी मुलगी बाईंच्या मानेला मिठी मारून भोकाड पसरत होती. बाईंनी तिला हळूच उताणं केलं. पाठीखाली दोन्ही तळवे धरले.

"सोडू?"

"नको!"

"बरं, नाही सोडत. माझ्या हाताला काय झालं, असं विचारत होतीस ना मघाशी? रंग गेलाय. दुखत नाही."

"माझा पण जाईल?"

"नाही जाणार. वर दिवे किती आहेत बघ."

मुलगी दिवे मोजायला लागली. बाईंनी तळवे काढून घेतले आणि दोन्ही हात पाण्याबाहेर, सगळ्यांना दिसतील असे वर धरले. मुलगी तरंगत होती. तिला पत्ताच नव्हता.

तेवढ्यात बाईंची नजर मागच्या रांगेकडे गेली आणि त्यांनी तोच ओला, पांढरा हात समेटबाईकडे बघून हलवला. समोरची सगळी डोकी मागे वळली.

"तुमचं कोण आहे पाण्यात?" अर्धवट उठलेल्या बापाने विचारलं.

ओळख दाखवायची नाही, हा समेटबाईचाच नियम. ती उठून उभी राहिली आणि तिने हात उंच करून हलवला.

"त्या बाई," ती म्हणाली. "ओळखते मी त्यांना."